इच्छित क्रमांक

गोडदेवच्या जलपा सोसायटीत बसवलेल्या त्या वस्तूला केरबा सोनकांबळे शेवटपर्यंत 'यंत्रणा' म्हणत राहिले. बाकीची सोसायटी तिला 'डबा' म्हणे, आणि केरबांच्या पत्नी कांताबाई 'तुमचं ते' म्हणत. एकाच वस्तूला तीन नावं असली की तिच्यावरून भांडणं होणार हे ठरलेलंच. पण केरबांना त्याची कल्पना नव्हती. त्यांना फक्त एवढंच दिसलं की निवृत्तीनंतर तीन वर्षांनी कुणीतरी त्यांना त्यांच्या कामाचं काम सांगतंय.

केरबा टपालखात्यात सॉर्टर होते. आलेली पत्रं गावागावांच्या खणात टाकायची, हे काम त्यांनी बत्तीस वर्षं केलं. त्या कामाचे दोन नियम ते कुणालाही, न विचारता, सांगत. पहिला असा की पत्ता पूर्ण वाचायचा नसतो. सुरुवातीचे दोन आकडे दिसले की हात आपोआप खणाकडे गेला पाहिजे. जो पूर्ण पत्ता वाचत बसला त्याची पिशवी संध्याकाळपर्यंत बांधून होत नाही. दुसरा नियम, आधी घरचं, मग बाहेरचं. म्हणजे आपल्याच गावात वाटायची पत्रं आधी खणात टाकून मोकळं व्हायचं आणि परगावच्या पत्रांना नंतर हात लावायचा. या दोन नियमांवर त्यांनी नोकरी काढली, घर घेतलं आणि मुलीला डी.एड. केलं. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले होते की सोनकांबळ्यांच्या हातून एकही पत्र मेलं नाही. ज्या पत्रावरून घेणाराही सापडत नाही आणि पाठवणाराही सापडत नाही, त्याला त्यांच्याकडे मेलेलं पत्र म्हणत. साहेबांचं ते वाक्य केरबांनी शालीपेक्षा जास्त जपून ठेवलं होतं.

तर झालं असं की २००६च्या जानेवारीत सोसायटीचा जुना इंटरकॉम उंदरांनी खाल्ला. कुणाकडे पाहुणे आले की वॉचमन बाबाजी खालून हाक मारायचा. बाबाजी चौक नावाच्या कोळीवाड्यातला, तरुणपणी मासेमारीच्या होडीवर गेलेला माणूस. एका होडीवरून दुसऱ्या होडीला ऐकू जाईल अशा आवाजात तो "अठराऽ" म्हणून ओरडला की आजूबाजूच्या चारही इमारतींतले अठरा नंबरवाले गॅलरीत येत. अध्यक्ष दाजी पाटलांनी मीटिंग बोलावली.

मीटिंगमध्ये अठ्ठावीस नंबरच्या गोदूबाईंचा मुलगा सूरज उभा राहिला. तो कॉम्प्युटर कंपनीत होता. त्याच्या ऑफिसात एक जुना गेटवे पडून होता, म्हणजे टेलिफोनचा आवाज इंटरनेटच्या तारेतून फिरवणारा डबा. तो फुकट मिळणार होता. प्रत्येक घरात साधा फोन ठेवायचा, सगळ्या तारा डब्यात आणायच्या, बाहेरची एक टेलिफोन लाइन डब्याला जोडायची, की घरातून घरात आणि घरातून बाहेर, दोन्ही फोन होतील. फक्त कुठला नंबर फिरवला की फोन कुठे पाठवायचा याचे नियम डब्यात लिहून ठेवावे लागतील.

नियम म्हटल्यावर सगळे छताकडे बघू लागले. सूरजने केरबांकडे पाहिलं. "काका, तारा मी जोडतो. नियम तुम्ही लिहा. सॉर्टिंगच आहे ते."

सॉर्टिंग हा शब्द त्या खोलीत तीन वर्षांत पहिल्यांदा उच्चारला गेला होता. केरबांनी चष्मा पुसला आणि पुसता पुसता होकार दिला.

डबा कुठे ठेवायचा यावर चर्चा होण्याचं कारण नव्हतं, जिन्याखाली मीटरची खोली होती. पण दाजी पाटील गोडदेवचे मूळचे रहिवासी. इमारत ज्या जमिनीवर उभी होती तिथे त्यांच्या आजोबांची वाल-वांग्याची वाडी होती, त्यामुळे सोसायटीत कुठली वस्तू कुठे ठेवायची याबद्दल त्यांना जन्मजात मत असे. ते म्हणाले, "मीटरचे खोलीत न्हाय. त्याचे नावातच हाय ना. गेटवं. मंग गेटवंच लावा." गेटवे हा इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा आपल्या गेटशी संबंध नाही, हे सूरजने दोनदा समजावलं. दाजी म्हणाले, गेट पन इंग्रजीच हाय. डबा गेटवर, बाबाजीच्या केबिनमध्ये बसला, शेजारी एक जुना कॉम्प्युटर ठेवला. डबा दिवसभर कोमट असतो हे बाबाजीच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं आणि तेव्हापासून त्याचा जेवणाचा डबा या डब्यावर राहू लागला. डब्याला 'डबा' हे नाव पडलं ते यामुळेच.

आता बाहेरची लाइन. केरबा अर्ज घेऊन टेलिफोनच्या कचेरीत गेले. तिथला कारकून सज्जन होता. त्याने अर्ज वाचला, परत वाचला आणि विचारलं, फोन कोण उचलणार? केरबा म्हणाले, यंत्र. फॉर्मवर फोन वापरणाऱ्याचं नाव आणि सही अशी जागा होती. यंत्राला सही येत नाही हे दोघांनाही मान्य होतं. कारकुनाने वरच्या साहेबांना विचारलं, त्यांनी सोसायटीचा ठराव आणायला सांगितलं. ठराव नेला तर त्यात 'यंत्रणा' लिहिलं होतं आणि फॉर्मवर 'उपकरण' हवं होतं. तिसऱ्या खेपेला केरबा परत आले ते ताठ मानेने, आणि मीटिंगमध्ये उभं राहून म्हणाले की सोसायटीसाठी मी माझ्या घरचा फोन देतो. टाळ्या झाल्या. दाजींनी पाठीवर थाप मारली.

ही बातमी कांताबाईंना जिन्यात, गोदूबाईंकडून कळली.

"अहो," कांताबाई त्या रात्री ताट वाढताना म्हणाल्या, "पोरीच्या फॉर्मवर कुठला नंबर आहे?"

केरबांचा घास हातातच राहिला. त्यांची धाकटी पंचशीला. गेल्या वर्षी भाईंदरमधल्या एका शाळेत तिने शिक्षण सेवकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. प्रतीक्षा यादीत तिचा नंबर पहिला होता. जागा रिकामी झाली की शाळा फोन करणार, उमेदवाराने त्याच दिवशी कागद घेऊन यायचं आणि मुख्याध्यापिकेसमोर वर्गात पाठ घेऊन दाखवायचा. नाही आला तर यादीतलं पुढचं नाव. फॉर्मवर नंबर होता तो घरचाच, म्हणजे आता डब्याचा. पंचशीलाकडे तेव्हा मोबाइल नव्हता आणि आताही नव्हता, कारण केरबांच्या मते चालता चालता बोलण्यासारखं काही कुणाकडे नसतं.

केरबांनी समजूत घातली की नंबर तोच राहणार आहे, फक्त फोन यंत्रणा उचलेल आणि घराघरात वाटेल. शाळेला आपलं घर पंधरा नंबर हे कुठून माहीत, असं कांताबाईंनी विचारलं. ते यंत्रणा विचारेल, असं केरबा म्हणाले. पंचशीला शाळेत जाऊन घराचा नंबर कळवूनही आली, पण तिथे तिला सांगण्यात आलं की फॉर्म फायलीत गेलेत आणि फाइल यादी हलल्याशिवाय निघत नाही. तिने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण त्या दिवसापासून ती येता-जाता केबिनमध्ये डोकावून डब्याचे हिरवे दिवे बघू लागली.

नियम लिहायला केरबांनी चौकटीची वही घेतली. बत्तीस घरं, बत्तीस नियम. शून्य एकला घर एक, शून्य दोनला घर दोन, असं बत्तीसपर्यंत. तेहतिसावा नियम, बाकी सगळे आकडे बाहेरच्या लाइनला. आधी घरचं, मग बाहेरचं. यंत्र नियम वरून खाली वाचतं आणि जो पहिला जुळेल तो लावतं, हे सूरजने सांगितलं तेव्हा केरबांना त्या यंत्राबद्दल आपुलकी वाटली. हातात पत्र धरून विचार करत बसणारं ते नव्हतं.

पण सोसायटीला नियम या शब्दाची चटक लागली. सात नंबरवाल्यांना दुपारी दोन ते चार फक्त माहेरचे फोन हवे होते. एकवीस नंबरला व्याही सोडून कुणाचाही फोन चालणार होता. दाजी राहायचे बत्तीसमध्ये, पण अध्यक्ष म्हणून त्यांना एक नंबर हवा होता. केरबांनी सगळ्यांच्या सूचना वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतल्या आणि यातली एकही मान्य केली नाही. खात्यातली सवय.

राहता राहिला यंत्राचा आवाज. बाहेरून फोन आला की काय बोलायचं ते कुणाच्या तरी आवाजात भरायचं होतं. कांताबाई म्हणाल्या, "घर नंबर दाबा म्हणा, संपलं." केरबांना ते फारच उघडंवाघडं वाटलं. त्यांनी दोन दिवस मसुदा केला आणि खाकरून, उभं राहून, स्वतःच्या आवाजात भरला: "नमस्कार. जलपा सहकारी गृहनिर्माण संस्थेत आपले स्वागत आहे. कृपया इच्छित क्रमांक दाबावा."

"इच्छित म्हणजे काय, कुणाला कळणार आहे?" कांताबाईंनी विचारलं.

"सुशिक्षित माणसाला कळतं," केरबा म्हणाले.

रविवारी उद्घाटन झालं. दाजींनी नारळ फोडला, त्याचं पाणी डब्यावर उडू नये म्हणून बाबाजीने टॉवेल धरला. केरबांनी एकेक करून बत्तीसही घरांत फोन लावला आणि प्रत्येक घरात घंटी वाजली. सूरजने केबिनमधल्या फोनवरून बाहेर, आपल्या मोबाइलवर फोन करून बघितला, तोही लागला. त्याचा नंबर अठ्ठ्याण्णवने सुरू होत होता. ही गोष्ट त्या दिवशी कुणालाच महत्त्वाची वाटली नाही. सोमवारी सूरजला कंपनीने दोन महिन्यांसाठी बंगळूरला पाठवलं.

मंगळवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी गॅसच्या एजन्सीला फोन लावला आणि तो गोदूबाईंनी उचलला.

गोदूबाईंचं वय बहात्तर. मूळच्या राजापूरकडच्या, नवरा गेल्यापासून सूरजजवळ. सूरज गेल्यावर दिवसभर एकट्या. त्यांना वाटलं, शेजारधर्म म्हणून कुणी विचारतंय. त्यांनी सांगितलं की गॅस माझ्याकडे नाही, पण एकोणीस नंबरवाले गावाला गेलेत, त्यांचा भरलेला सिलिंडर आहे, किल्ली माझ्याकडे आहे, घेऊन जा. अर्ध्या तासाने कुणी डॉक्टरांना फोन लावला, मुलाला उलट्या होत होत्या. गोदूबाईंनी आधी नीट चौकशी केली, काल काय खाल्लं, कुठे खाल्लं, आणि मग साळीच्या लाह्यांचं पाणी घोटघोट द्यायला आणि संध्याकाळपर्यंत उतार नाही पडला तर मुलाला उचलून सरळ दवाखान्यात न्यायला सांगितलं. दुपारपर्यंत मूल खेळायला लागलं. मग किराणावाला, मग इस्त्रीवाला, मग महापालिकेचं पाण्याचं ऑफिस. मीरा-भाईंदरमध्ये कुठेही फोन लावा, तो गोदूबाईंकडे जात होता.

इतर घरांनाही थोडाफार प्रसाद मिळत होता. चोवीस नंबरला परळच्या एका ऑफिसला लावलेले फोन येत. आणि दोन नंबरचे हरकिशनभाई सकाळीच केबिनमध्ये आले. इमारतीतले अर्धे लोक रत्नागिरी आणि रायगडकडचे. ते गावी फोन लावत आणि तो हरकिशनभाईंकडे वाजे. "सोनकांबळे साहब," ते अगदी शांतपणे म्हणाले, "सब लोग मेरे को पूछते हैं, आई कशी आहे. मैंने बोल दिया, बरी आहे. ठीक किया ना?"

केरबांचं निदान पक्कं होतं, लाइन खराब आहे. नियम चुकण्याचा प्रश्नच नव्हता. टेलिफोनच्या कचेरीत तक्रार दिली, लाइनमन आला, त्याने तार तपासली, लाइन उत्तम आहे म्हणाला आणि चहा पिऊन गेला. केरबांनी प्लग बदलला. तारेचा एक तुकडा बदलला. बाबाजीचा जेवणाचा डबा डब्यावरून उचलून स्टुलावर ठेवला, त्यावर बाबाजी म्हणाला, "त्याच्यान् काय व्हनार हाय? माजा डबा बोलत न्हाय." एकाने अँटेना लावायला सांगितलं. दाजींनी डब्याचं तोंड उत्तरेला आहे ते पूर्वेला करायला सांगितलं, आणि बुधवारी दुपारी, कुणी बघत नाही असं पाहून, केरबांनी तेही केलं.

मग त्यांनी गोदूबाईंकडे जाऊन विनंती केली, यंत्रणेत बिघाड आहे, तोवर तुम्ही फोन उचलू नका. फोनवर कागदही चिकटवला: 'हा फोन उचलू नये. हुकमावरून.' गोदूबाईंनी मान डोलावली. पण चष्म्याशिवाय त्यांना कागद वाचता येत नव्हता, आणि वाजणारा फोन न उचलणं त्यांना दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारण्यासारखं वाटे. केरबांनी त्यांना दोनदा रंगेहाथ पकडलं. त्यानंतर केरबांचा आवाज आला की त्या गुपचूप फोन ठेवून देऊ लागल्या. गुरुवारपर्यंत इमारतीतले लोक डॉक्टरचा नंबर फिरवायचे सोडून सरळ अठ्ठावीसच फिरवू लागले.

शनिवारी सकाळी केरबा केबिनमध्ये ठाण मांडून बसले. आज सगळ्या नियमांचे आकडे एकेक करून तपासायचे होते. साडेदहाच्या सुमाराला कुणीतरी केबिनच्या दारात येऊन "बाबा, मी चालले," असं म्हणाल्याचं त्यांच्या कानावर आलं. पाठोपाठ कांताबाईंचा आवाज, "अहो, ऐकता का." केरबांनी स्क्रीनवरून नजर न काढता हात वर केला. "आत्ता नको. नियम बघतोय."

नियम बत्तीसच्या बत्तीस बरोबर होते. मग त्यांना सूरजने दाखवलेलं एक पान आठवलं, त्यावर बाहेरून आलेल्या प्रत्येक फोनची नोंद असते. त्यांनी ते उघडलं आणि बोटाने ओळी वाचू लागले. गुरुवार, सव्वा अकरा, एक नंबर, पंधरा सेकंद, 'कुठेही नाही'. शुक्रवार, पाच वाजता, तोच नंबर, पंधरा सेकंद, 'कुठेही नाही'. आज, दहा वाजून दोन मिनिटं, परत तोच, परत 'कुठेही नाही'. त्याखाली अजून एक ओळ होती, पण केरबांनी ती वाचलीच नाही. तो नंबर त्यांना पाठ होता. पंचशीलाच्या फॉर्मच्या पावतीवर तो छापलेला होता, आणि ती पावती घरात आरशाच्या कडेला खोचलेली होती.

शाळेने तीनदा फोन केला होता. आणि त्यांच्या यंत्रणेने, त्यांच्याच आवाजात, तीनदा स्वागत करून फोन मारून टाकला होता.

केरबांनी केबिनमधला फोन उचलला आणि शाळेचा नंबर फिरवला. अठ्ठावीसने सुरू होणारा. घंटी वाजली.

"हॅलो, जलपा," गोदूबाई म्हणाल्या.

"गोदूबाई, ठेवा, ठेवा," केरबा ओरडले आणि स्वतःच ठेवला. परत फिरवला, सावकाश, एकेक आकडा दाबून.

"केरबाभाऊ का? बरं झालं, अहो मी म्हणत होते…"

"तुम्हाला उचलू नका म्हटलं ना!"

तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून फिरवला. गोदूबाईंनी या वेळी आधीच सुरुवात केली, "ठेवू नका, आधी माझं ऐका," पण केरबांनी तोपर्यंत ठेवलाही होता. पंधरा नंबर लावला, घरात कुणी उचलत नव्हतं. बत्तीस वर्षांत लाखो परक्या लोकांची पत्रं त्यांनी घरोघरी पोचवली होती, आणि आयुष्यातलं पहिलं मेलेलं पत्र निघालं ते त्यांच्या मुलीच्या नावाचं.

बाबाजी हे सगळं बाकावर बसून बघत होता. त्याने खिशातून एक रुपया काढून केरबांच्या हातावर ठेवला आणि रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानाकडे बोट केलं. तिथे काउंटरवर लाल रंगाचा, रुपया टाकायचा फोन होता. तो कुठल्याही नियमाशिवाय लागत असे.

केरबांनी रस्ता कसा ओलांडला ते त्यांना आठवत नाही. शाळेच्या कारकुनाने फोन उचलला. केरबांनी नाव सांगितलं, मुलीचं नाव सांगितलं, आणि मग जे सांगायचं होतं त्याऐवजी एवढंच म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. मुलीची नाही. पुढचं नाव बोलावू नका, मी तिला शोधून आणतो."

"शोधून कुठून आणणार?" कारकून म्हणाला. "ती इथे आहे. केव्हाच आली. वर तिसरीच्या वर्गात पाठ चाललाय तिचा."

मग कारकूनच सांगू लागला, कारण त्यालाही तीन दिवसांची तक्रार कुणाला तरी सांगायची होती. तुमच्याकडे कोण गृहस्थ आहेत हो, ते स्वागत करतात आणि इच्छित क्रमांक दाबा म्हणतात? पहिल्यांदा वाटलं नंबर चुकला. दुसऱ्यांदा वाटलं सरकारी कचेरी आहे. "आज म्हटलं, शेवटचं बघू, नाहीतर पुढचं नाव घेऊ. तर परत तेच. मग डोकं लावलं. इच्छित क्रमांक, म्हणजे आम्हाला हवा तो. आम्हाला हाच हवा होता. म्हणून परत लावला आणि त्यांनी म्हटल्यावर तोच नंबर, अख्खाच्या अख्खा, परत दाबला. तर एका आजीबाईंनी उचलला. त्या म्हणाल्या, पंचशीला ना, पंधरा नंबरची, आत्ता पाठवते, पोरीला उपाशी पाठ घ्यायला लावू नका. आणि अर्ध्या तासात मुलगी हजर."

केरबा रिसीव्हर धरून उभे राहिले. शाळेचाच काय, भाईंदरमधला प्रत्येक नंबर, त्यांचा स्वतःचाही, अठ्ठावीसनेच सुरू होत होता, आणि गावाकडचा प्रत्येक कोड शून्य दोनने. यंत्राने पहिले दोन आकडे ऐकले, पुढचे सहा ऐकायची गरज त्याला वाटली नाही, आणि हात अठ्ठावीसच्या खणाकडे गेला. पत्ता पूर्ण वाचायचा नसतो. आधी घरचं, मग बाहेरचं. यंत्र नाठाळ नव्हतं, ते केरबांच्या हाताखाली तयार झालेलं होतं. आणि त्यांचे नियम त्या दिवशी बरोबर असते, तर तो फोन फिरून स्वतःलाच लागायचा प्रयत्न करत राहिला असता आणि शाळेने पुढचं नाव बोलावलं असतं.

कारकून म्हणाला, ऐकायचंय का, आणि त्याने बहुतेक रिसीव्हर खिडकीकडे धरला. लांबून, वरच्या मजल्यावरून, पन्नास पोरांचा आवाज आला. पंचशीला काहीतरी विचारत होती आणि सगळी पोरं एका सुरात उत्तर देत होती. काय उत्तर देत होती ते कळलं नाही, पण एकही पोरगं मागे राहिलेलं नव्हतं एवढं कळलं. मग रुपया संपला.

परत येताना केरबा केबिनमध्ये गेले नाहीत. सरळ तिसऱ्या मजल्यावर चढले. गोदूबाईंनी दार उघडलं आणि त्यांना पाहिल्याबरोबर म्हणाल्या, "उचलला मी. तुमचा कागद आहे ठाऊक मला. पण वाजत होता."

केरबा म्हणाले, "पाणी द्याल का थोडं?"

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी फोनवरचा कागद काढला, घडी करून खिशात ठेवला. मग विचारलं की सकाळी तुम्ही मला तीनदा काय सांगत होता. गोदूबाई म्हणाल्या, हेच. पण तुमच्या यंत्राला माणसाचं बोलणं पुरं ऐकायची सवय नाही. यंत्राची बाजू घेण्याची ती वेळ नव्हती.

संध्याकाळी त्यांनी वही काढली आणि नियमांचा क्रम उलटा केला. आधी पूर्ण लांबीचे बाहेरचे नंबर, मग दोन आकड्यांची घरं. यंत्राला सांगितलं की दोन आकडे आले तरी क्षणभर थांब, आणखी कुणी येतंय का बघ. डॉक्टरांचे फोन डॉक्टरांकडे जाऊ लागले, हरकिशनभाईंकडे कुणी आईची चौकशी करेना. स्वागताचा आवाज कांताबाईंनी नव्याने भरला: "जलपा सोसायटी. घर नंबर दाबा. माहीत नसेल तर थांबा." केरबांनी 'कृपया' घालावं असं सुचवलं. कांताबाईंनी घातलं नाही.

सूरजचे दोन महिने पाच झाले. तो जूनमध्ये परत आला तेव्हा पंचशीलाला तिसरीचा वर्ग मिळून पंधरा दिवस झाले होते. तो आल्या आल्या केबिनमध्ये बसला, नियम वरून खाली तपासले, मान डोलावली आणि अगदी शेवटच्या ओळीवर थांबला. काहीच न दाबणारे, चुकीचं दाबणारे, कुठल्याच नियमात न बसणारे सगळे फोन, अठ्ठावीस.

"काका, हे काय? जुळत नाही ते सगळं आमच्या घरी?"

"आमच्याकडे तसा एक खण असायचा," केरबा म्हणाले. "अपुऱ्या पत्त्याचा. 'बाळूच्या आईला मिळे, भाईंदर', असली पत्रं त्यात जायची. त्या खणावर कुणालाही बसवत नसत. ज्याला अख्खं गाव माहीत आहे, त्यालाच."

"आणि ते काम तुम्ही करायचात?"

केरबांनी चष्मा काढून पुसला. "नाही," ते म्हणाले. "मला कधी दिलं नाही."

सूरज आणखी काहीतरी विचारणार होता. तेवढ्यात डब्यावरचा एक हिरवा दिवा लुकलुकला आणि वर, तिसऱ्या मजल्याच्या उघड्या खिडकीत, घंटी वाजली. एकदाच वाजली. बाबाजीने आपला गरम झालेला डबा उघडला. खिडकीतून गोदूबाईंचा आवाज खाली आला.

"हॅलो, जलपा. नाव माहीत नाही? असू दे. दिसतो कसा, ते सांगा."